घरी शिवलेला झगा

“थांबव जरा,” अण्णा म्हणाले.

मी रिमोटचं बटण दाबलं. पडद्यावर एक उंच, मिशीवाला माणूस दोन्ही हात फाकून उभा होता. अंगात काळा झगा. हात पसरले की त्या झग्यावर दोन लालभडक पंजे उमटतात आणि बोटं लांबच लांब पसरलेली दिसतात. अण्णा खुर्चीतून उठले, टीव्हीपाशी गेले, चष्मा कपाळावर सारून अगदी जवळून बघत राहिले. त्यांचं वय आता एकोणऐंशी. आयुष्यभर इचलकरंजीत चित्रकलेचे मास्तर होते, आणि शाळा सुटली की हौशी नाटकांचं नेपथ्य करायचे.

“हे घरी शिवलंय,” ते म्हणाले. “भाड्याचा कपडा नाही हा. कुणीतरी बसून केलंय.”

जगातला सर्वांत वाईट सिनेमा म्हणून ज्याचं नाव गेली तीस वर्षं घेतलं जातं, त्यातला हा प्रसंग. सिनेमाचं नाव ‘मॅनोस: द हँड्स ऑफ फेट’. स्पॅनिशमध्ये ‘मानोस’ म्हणजे हात. म्हणजे नावातच हात दोनदा आलेत. ह्यूस्टनला असणाऱ्या माझ्या आतेभावाने ही ब्लू-रे डिस्क दिली, कारण जुने सिनेमे कसे वाचवतात याबद्दल मी त्याला फोनवर नेहमी विचारत असते. तो म्हणाला, सिनेमा बघू नकोस, डिस्क बघ. मला तेव्हा त्याचं म्हणणं कळलं नव्हतं.

आधी सिनेमाविषयी. अमेरिकेत टेक्सासच्या पश्चिम टोकाला, मेक्सिकोच्या सीमेवर एल पासो नावाचं शहर आहे. तिथे हॅरल्ड वॉरन नावाचा खतविक्रेता राहायचा. त्याला नाटकाची हौस. पटकथालेखक स्टर्लिंग सिलिफंट चित्रीकरणाच्या जागा शोधत त्या भागात आला असताना दोघांची ओळख झाली, आणि बोलता बोलता वॉरनने त्याच्याशी पैज लावली की भीतीपट काढणं काही अवघड नाही, मीसुद्धा काढून दाखवीन. सुमारे १९ हजार डॉलर जमले. १९६६ च्या उन्हाळ्यात वॉरनने गावातल्या हौशी नाटकमंडळींना गोळा केलं. पैसे कुणालाच द्यायचे नव्हते, नफ्यातला वाटा द्यायचा होता. तो नफा कधी झालाच नाही. लेखक, दिग्दर्शक, निर्माता आणि नायक, सगळं वॉरनच.

कॅमेरा होता चावीचा. घड्याळाला किल्ली देतात तशी त्याला किल्ली द्यायची, आणि एका किल्लीत जेमतेम ३२ सेकंद चित्रीकरण व्हायचं. त्यामुळे या सिनेमात ३२ सेकंदांपेक्षा लांब शॉट नाहीच. आवाज घेण्याची सोय नव्हती. सगळे संवाद नंतर चार-पाच माणसांनी मिळून म्हटले, बाया, माणसं, मूल, सगळ्यांचे. नटमंडळी दिवसा नोकरी करायची, म्हणून बरंच काम रात्री. रात्रीच्या उघड्या माळावर दिवे लावले की पाखरं येणारच. ती नटांच्या तोंडासमोर भिरभिरतात, आणि तशीच चित्रित झालेली आहेत. एका ठिकाणी क्लॅपबोर्डही, म्हणजे शॉटच्या आधी आपटतात ती पाटीही दिसते. सुरुवातीला गाडी किती तरी वेळ नुसती रस्त्याने जाते आणि बाहेरची शेतं दिसत राहतात. तिथे श्रेयनामावली यायची होती, ती आलीच नाही, असं सांगतात.

सिनेमा वाईट आहे. हे मी आडपडदा न ठेवता लिहिते, कारण पुढे जे लिहायचंय ते त्याला चांगलं ठरवण्यासाठी नाही. वाट चुकलेलं एक कुटुंब आडरानातल्या घरी मुक्कामाला थांबतं. तिथे टॉर्गो नावाचा रखवालदार आहे आणि ‘मास्टर’ नावाचा, अनेक बायका बाळगणारा कुणी सैतानभक्त. यापलीकडे गोष्ट नाही. माणसं एकमेकांकडे बघत उभी राहतात. एक वाक्य दोन-तीनदा म्हटलं जातं. मास्टरच्या बायका एकमेकींशी झोंबाझोंबी करतात तो भाग मला बघवला नाही. आणि शेवट तर कुरूपच आहे. त्या बायकांच्या रांगेत शेवटी वाट चुकलेल्या कुटुंबातली लहान मुलगीही दाखवली आहे. सुचणाऱ्याला सुचलं, पण बाकीच्या एवढ्या माणसांपैकी कुणी हात कसा धरला नाही?

१५ नोव्हेंबर १९६६ ला एल पासोच्या कॅप्री थिएटरमध्ये पहिला खेळ झाला. वॉरनने आकाशात फिरणारा सर्चलाइट भाड्याने आणला होता. गाडी एकच होती. तीच वळसा घालून परत जायची आणि पुढच्या नटांना घेऊन यायची, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की गाड्यांमागून गाड्या येताहेत. आत दिवे गेले, सिनेमा सुरू झाला, आणि थोड्याच वेळात गावातले लोक हसायला लागले. काही नट अंधारात उठून निघून गेले. टॉर्गोचं काम करणारा जॉन रेनॉल्ड्स त्या रात्री तिथे नव्हता. महिनाभर आधीच, पंचविशीत, त्याने आपलं आयुष्य संपवलं होतं. वाकड्या गुडघ्यांनी लंगडत, थरथरत चालणारा त्याचा टॉर्गो पुढे जगभर ओळखला गेला. सगळ्या सिनेमात मन लावून अभिनय केलेला तोच एक आहे असं मला वाटतं. त्याने एकदाही स्वतःला पडद्यावर पाहिलं नाही.

त्या रात्री प्रेक्षकांत सात वर्षांची एक मुलगी होती. जॅकी नीमन. सिनेमातली ती छोटी डेबी. मास्टरचं काम करणारा टॉम नीमन हा तिचा वडील. सिनेमातला कुत्रासुद्धा त्यांच्याच घरचा. कामाबद्दल कुणाला काही मिळालं असेल तर ते या दोघांना: जॅकीला लाल सायकल, कुत्र्याला पोतंभर खाणं. पडद्यावर स्वतःचा चेहरा आला तेव्हा ती हरखली असेल. मग त्या चेहऱ्याने तोंड उघडलं आणि आतून एका मोठ्या बाईचा, बारीक केलेला आवाज आला. जॅकी रडायला लागली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की तुझा आवाज काढून टाकलाय.

मला या सबंध हकिगतीत सर्वांत जास्त लागलेली गोष्ट ही. लोकांचं हसणं मोठ्यांनी सहन केलं असेल, त्यांनी पैज लावली होती, हौस केली होती. पण मूल आपला आवाज शोधत पडद्याकडे बघतंय आणि तो तिथे नाही, हे कसं सोसायचं?

पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं सिनेमा विस्मरणात गेला. मग ३० जानेवारी १९९३ ला ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमात तो दाखवला गेला. या कार्यक्रमात एक माणूस आणि त्याचे यंत्रमानव सिनेमा बघत बसतात, आपल्याला पडद्याच्या तळाशी त्यांच्या सावल्या दिसतात, आणि ते सिनेमाची टिंगल करत राहतात. ‘मॅनोस’ प्रसिद्ध झाला तो त्या दिवसापासून. त्या लोकांवर माझा राग नाही. त्यांनी तो पेटाऱ्यातून बाहेर काढला नसता तर आज आपल्याला त्याचं नावही माहीत नसतं. पण त्यांनी दाखवलेली प्रत अतिशय खराब होती. गढूळ, खाकी, काळोखी. रात्रीच्या प्रसंगांत कोण कुठे आहे ते कळत नव्हतं. लाखो लोक ज्याला हसले ती सिनेमाच्या प्रतीच्या प्रतीची प्रत होती. भिंतीवरचं चित्र कसं आहे, त्या मूर्ती कशाच्या आहेत, झग्यावर नेमकं काय आहे, हे त्यांनी पाहिलेलंच नव्हतं. ते दिसतच नव्हतं.

आणि मग २०११ मध्ये बेन सॉलोवे नावाच्या तरुण छायाचित्रणकाराने १६ मिलिमीटरच्या जुन्या रिळांचा एक गठ्ठा विकत घेतला. त्यात ‘मॅनोस’चा वर्कप्रिंट निघाला. वर्कप्रिंट म्हणजे संपादकाने टेबलावर बसून हाताने कापून, जोडून केलेली प्रत. पुढचं काम तिला नमुना धरून होतं. फिल्म होती एक्टाक्रोम. त्या काळच्या थिएटरमधल्या प्रती कालांतराने गुलाबी पडत गेल्या, पण एक्टाक्रोम रंग बरेच धरून ठेवते. सॉलोवेने ठरवलं की हे नीट करायचं. लोकांकडे पैसे मागितले. दहा हजार डॉलर हवे होते, ४८ हजार आले. एकेक चौकट स्कॅन करायची, धूळ काढायची, जोडाच्या जागी उडणारं चित्र स्थिर करायचं, रंग जुळवायचे. हे काम किती वेळखाऊ असतं ते ज्याने एकदा तरी जुना फोटो कॉम्प्युटरवर दुरुस्त करून पाहिलाय त्याला कळेल. इथे सुमारे ७० मिनिटांचा सिनेमा आहे आणि सेकंदाला २४ चौकटी. म्हणजे लाखभर फोटो. १३ ऑक्टोबर २०१५ ला सिनॅप्स फिल्म्स या कंपनीने ही डिस्क काढली.

डिस्कवर सिनेमा दोनदा आहे. एक स्वच्छ केलेला, आणि एक जुन्या, झिजलेल्या प्रिंटवरून घेतलेला, जसा लोकांनी पाहिला होता तसा. मी आधी जुना लावला, मग स्वच्छ. आठवडाभर मी हेच करत होते, एक प्रसंग इकडे, तोच तिकडे. जुन्यात झगा म्हणजे काळोखात हलणारा काळोख. नव्यात लाल रंग इतका पेटतो की अण्णा खुर्चीतून उठतात.

चुका सगळ्या जागच्या जागी आहेत, उलट आता जास्त स्पष्ट दिसतात. पण चुकांबरोबर बाकीचंही दिसतं. शेकोटीच्या वर टांगलेलं मास्टरचं आणि कुत्र्याचं चित्र टॉम नीमनने रंगवलंय. त्या घरातल्या हातांच्या मूर्ती त्याच्याच. टॉर्गोची काठी, झगा, सगळी कल्पना त्याची. बायकांचे कपडे जॅकीच्या आईने शिवले. एक आख्खं कुटुंब उन्हाळाभर या सिनेमासाठी राबलं होतं. त्यांच्या हातचं काम प्रेक्षकांपुढे खऱ्या अर्थाने आलं ते एकोणपन्नास वर्षांनी.

अण्णांनी पहिलं नेपथ्य केलं तेही साठच्या दशकात, वयाच्या विशीत. त्या वेळचं मला माहीत नाही, पण ऐंशीच्या दशकातलं मी जवळून पाहिलंय. इचलकरंजीत मांजरपाटाला काय तोटा. लाकडी चौकटीवर कापड ताणायचं आणि ठोकत जायचं. अण्णांच्या ओठांत पाच-सहा चुका, म्हणजे बारीक खिळे, धरलेल्या असायच्या. एक चूक बोटांत घ्यायची, एक घाव, कापड ओढायचं, पुढची चूक. बोलायचं असेल तर ते ओठ न हलवता हुंकार द्यायचे आणि मला तो कळायचा: कोपरा धर. मग सरस. शेगडीवर डब्यात सरस उकळत असायचा, त्याचा वास आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा आणि आई खिडक्या लावून घ्यायची. त्यात पावडर घोटून पहिला हात द्यायचा, वाळवायचा, मग रंग. गरिबाच्या घराची भिंत रंगवताना ते पोपडे निघालेत ते कसे दाखवायचे, दिव्याच्या काजळीचा डाग कोनाड्याच्या वर किती उंच जाईल, यात रात्र काढायचे. आणि नाटक संपलं की दुसऱ्या दिवशी त्याच चौकटीवर दुसरी भिंत. खालची भिंत कायमची गेली.

राज्य नाट्यस्पर्धेला कोल्हापूर केंद्रावर, केशवराव भोसले नाट्यगृहात, त्यांनी रंगवलेल्या भिंती कितीतरी वेळा उभ्या राहिल्या. नाटकं सगळीच चांगली होती असं नाही. काही खरोखर वाईट होती. प्रवेश चुकायचे, पडदा अडकायचा, पल्लेदार वाक्यं म्हणता म्हणता नट मध्येच गप्प व्हायचा आणि प्रॉम्प्टरचा आवाज पिटातल्या तिसऱ्या रांगेला ऐकू जायचा. लोक हसायचे. मी विंगेत अण्णांच्या शेजारी बसलेली असायचे. लोक हसले की ते माझ्याकडे बघायचे नाहीत, भिंतीकडे बघायचे.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेलं. अण्णा टीव्हीसमोर बसून होते, मी झोपायला सांगितलं तरी उठले नाहीत. पहाटे म्हणाले, “रंगमंचाची लाकडं चांगली होती गं.” एवढंच.

कोल्हापूरच्या माणसाला हे दुःख जुनं आहे. कलामहर्षी बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःच्या हाताने कॅमेरा बनवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ केला. तो सिनेमा आज कुणालाच बघता येत नाही. पडदे रंगवणारा एक माणूस यंत्र जुळवतो, त्यावर सिनेमा काढतो, आणि आपल्या हाती राहतात नुसती वर्णनं. देशाचा पहिला बोलपट ‘आलम आरा’, १९३१ चा, त्याचीही प्रत नाही. फिल्मवर चांदीचा थर असायचा, म्हणून रिळं भंगारात चांदीसाठी विकली जायची. पुण्याचं चित्रपट संग्रहालय उभं राहिलं १९६४ मध्ये, तोवर बहुतेक सगळं निघून गेलं होतं. मला कुणी विचारलं की आधी काय वाचवायचं, ‘सैरंध्री’ की ‘मॅनोस’, तर उत्तर सोपं आहे. पण ‘मॅनोस’ वाचवला म्हणून मला सॉलोवेचा हेवा वाटत नाही, माया वाटते. सिनेमा चांगला आहे की नाही हे विचारायला तो थांबला नाही. हातात आलेली फिल्म खरी आहे आणि ती मरतेय, एवढंच त्याने पाहिलं. आपल्याकडे थोर म्हणून ठरेपर्यंत कशाची प्रतच जपत नाहीत, आणि ठरतं तेव्हा प्रत उरलेली नसते.

अण्णांच्या कामाची आमच्याकडे एकच चलत्‌प्रतिमा आहे. १९९२ मध्ये लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या एकाने स्पर्धेचं नाटक व्हीएचएसवर घेतलं होतं. २००९ मध्ये मी ती कॅसेट सीडी करायला एका दुकानात दिली. सीडी आली, तिच्यात चित्र होतं आणि आवाज नव्हता. परत गेले तर कॅसेट टाकून दिलेली. त्या दिवशी मी रस्त्यात रडले होते. तेव्हापासून सीडी कपाटात, लुगड्यांच्या खाली. मुकं नाटक काय बघायचं म्हणून कुणी लावलीच नाही.

डिस्कवर एक जोड-आवाज आहे, सिनेमा चालू असताना त्यावर बोलणाऱ्यांचा. मी तो सर्वांत शेवटी लावला. बोलणारे दोघं आहेत: टॉम नीमन आणि त्याची मुलगी जॅकी. म्हणजे आता म्हातारा झालेला मास्टर आणि पन्नाशी ओलांडलेली डेबी. पडद्यावर ती छोटी मुलगी तोंड उघडते, पण त्या उसन्या आवाजावर आता खुद्द जॅकी बोलतेय, आणि शेजारी तिचे वडील.

अण्णांना अमेरिकन इंग्रजी पटकन कळत नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “ही बाई कोण?”

“ती छोटी मुलगी, अण्णा. आणि तो झगेवाला तिचा बाप. दोघं बसून बघताहेत.”

“तो आहे अजून?”

टॉम नीमन नोव्हेंबर २०१६ मध्ये, डिस्क आल्यावर वर्षभराने वारला. मी तसं सांगितलं. अण्णा काही बोलले नाहीत. पुढचा तासभर आम्ही दोघं त्या दोघांचं बोलणं ऐकत बसलो. अण्णांना शब्द कळत नव्हते, तरी मधूनच ते मान हलवायचे. पडद्यावर मूर्ती आली की टॉमचा आवाज जरा बदलतो, हे त्यांनी मला सांगितलं, मला ते आधी जाणवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कपाटातून सीडी काढली. जुन्या लॅपटॉपवर ती चालली. चित्र बऱ्यापैकी आहे, कडेला थोडी हिरवी झाक. अण्णांना समोर बसवलं, फोन रेकॉर्डिंगला लावून टेबलावर ठेवला आणि म्हटलं, अण्णा, जे दिसेल ते बोला. त्यांना वाटलं मी नाटकाची गोष्ट विचारतेय. ती काही त्यांना आठवेना. कोण कुणाचं काम करतोय तेही दोघा-तिघांचं सांगता आलं. एक बाई रडत रडत तिसऱ्या विंगेतून आली, तिचं नावही त्यांना आठवलं नाही.

मग कॅमेरा फिरला आणि मागची भिंत आली. कोनाडा, त्यावर काजळी, पोपडे.

“थांबव,” अण्णा म्हणाले. मी थांबवलं. ते पुढे वाकले, चष्मा कपाळावर सारला.

“हा सरस चांगला होता,” ते म्हणाले. “सरस रात्रभर भिजत घालायचा, लिही. सकाळी पाणी ओतून टाकायचं नाही, त्याच पाण्यात उकळायचा. डबा थेट जाळावर ठेवायचा नाही. खाली दुसरं पातेलं, त्यात पाणी…”

“लिहायला नको अण्णा, फोनमध्ये येतंय सगळं.”

“येऊ दे. तू लिहीपण.”